इंदुरात रॅम वाढवायची आहे: नेमकं काय मागावं, भाव कसा तपासावा?

मुद्रितशोधक · सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. घरात एक लॅपटॉप आणि एक डेस्कटॉप आहे, दोन्हींची रॅम वाढवायची आहे.

लॅपटॉप ११व्या पिढीच्या आय-फाइव्हचा, ८ जीबी रॅम, विंडोज ११. काम पानांच्या मांडणीचं: इनडिझाइनमध्ये दीडशे-दोनशे पानांचा अंक, शेजारी पीडीएफ आणि ब्राउझर. फाइल उघडली की मेमरी ९० टक्क्यांच्या वर जाते आणि पुढचं पान यायला वेळ लागतो. डेस्कटॉप जुना आहे: एच-८१ मदरबोर्ड, चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, हार्ड डिस्क. त्यावर टॅली आणि पत्रव्यवहार, एवढंच.

सिल्व्हर मॉलमधल्या तीन दुकानांत फोनवर "१६ जीबी रॅम" विचारली तर तीन भाव आले, आणि फरक थोडाथोडका नाही. नेमकं काय मागायचं, नवी घ्यावी की जुनी चालेल, दुकानातून की ऑनलाइन, हे जाणकारांनी सांगावं. बसवायचं काम घरीच करायची तयारी आहे.

जुना चिपसेट · सोमवार, रात्री १०:०५

"१६ जीबी रॅम" एवढं म्हटल्यावर तीन भाव येणारच. एकाने ८-८ चे दोन नग धरले, दुसऱ्याने १६ चा एक, तिसऱ्याने डेस्कटॉपची लांब स्टिक (रॅमची पट्टी). शिवाय कोणी टॅक्स धरून सांगतं, कोणी सोडून. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. फोनवर ५,००० ऐकलेली वस्तू पक्क्या बिलावर ५,९०० ची होते.

म्हणून बाजाराच्या आधी यंत्राला विचारा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. तिथल्या तीन ओळी कागदावर उतरवा: स्पीड, स्लॉट्स यूज्ड, फॉर्म फॅक्टर. फॉर्म फॅक्टरपुढे सोडिम (लॅपटॉपची आखूड, सुटी स्टिक) असेल तर ती बदलता येते. "रो ऑफ चिप्स" असेल तर मेमरी बोर्डावरच डाख देऊन बसवलेली आहे. काही लॅपटॉपांत ८ जीबी अशी डाखलेली असते आणि शेजारी एक स्लॉट मोकळा असतो. काहींत मोकळा स्लॉटच नसतो, आणि तिथे रॅमचा विषय संपतो. स्लॉट्सचा आकडा विंडोज कधीकधी चुकीचा दाखवतं, विशेषतः डाखलेली मेमरी असेल तेव्हा. खात्री करायची तर त्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल शोधा किंवा मागचं झाकण उघडून डोळ्यांनी बघा.

मग सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर टाका आणि त्यातलं एसपीडी पान बघा. आत्ता बसलेल्या स्टिकचा उत्पादक, पार्ट नंबर, रँक आणि बनल्याचा आठवडा तिथे मिळेल. एका गोष्टीला घाबरू नका: मेमरीच्या पानावर तिथे फ्रीक्वेन्सी निम्मी दिसते. ३२००ची रॅम १६०० दिसते, कारण डीडीआरमध्ये (आजच्या रॅमची हीच जात) एका ठोक्याला दोनदा डेटा जातो. "दुकानदाराने कमी स्पीडची दिली" अशा निम्म्या तक्रारी इथूनच उगवतात.

वीजवेडी · सोमवार, रात्री १०:४०

काकांच्या सांगण्यात एक पायरी जोडते, ती पैसे काढायच्या आधीची. त्याच पानावर "कमिटेड" नावाचा आकडा आहे, दोन संख्या आणि मध्ये तिरकी रेघ. नेहमीचं सगळं काम उघडा, अर्धा तास काम करा, मग पहिली संख्या वाचा. ती बसलेल्या रॅमपेक्षा बरीच जास्त असेल तर विंडोज उरलेला भार डिस्कवर टाकत आहे, आणि पान उलटायला लागणारा वेळ तिथला आहे. ती १३-१४ च्या आसपास असेल तर एकूण १६ जीबी पुरेल. २० च्या वर असेल तर २४ किंवा ३२ चा विचार करा. नुसता ९० टक्क्यांचा आकडा बघून ठरवू नका, त्यावरून एकूण किती रॅम लागेल ते कळत नाही.

डेस्कटॉपसाठी मात्र माझं स्पष्ट मत: आधी हार्ड डिस्क काढून साटा एसएसडी (तिच्या जागी बसणारी वेगवान, चिपांची डिस्क) टाका. टॅली आणि पत्रं यांना ४ जीबी कमी पडते हे खरं, पण यंत्र रडतंय ते डिस्कमुळे. २४० किंवा २५६ जीबीची साधी एसएसडी आणि त्यासोबत ४ जीबीची एक जुनी स्टिक, यापुढे त्या यंत्रावर खर्च करू नये. चौथी पिढी विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ज्या घोड्याला दोनच वर्षं पळायचं आहे त्याला सोन्याचे नाल कशाला?

सुदामानगरकर · मंगळवार, सकाळी ८:२०

बाजाराबद्दल लिहितो. जेल रोडवर मोबाइल आणि त्याच्या सामानाचा पसारा जास्त. लॅपटॉप-डेस्कटॉपच्या सुट्या भागांसाठी आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉलच सोयीचा, कारण एकाच इमारतीत चार जणांना विचारता येतं.

फोनवर बोलण्याऐवजी सध्याच्या स्टिकच्या लेबलचा फोटो काढा आणि चार दुकानांना व्हॉट्सॲपवर एकच मजकूर पाठवा. त्यात सगळं असू द्या: डीडीआर४ (मागचा आकडा रॅमच्या पिढीचा), लॅपटॉपची सोडिम, ३२००, ८ जीबीचा एक नग, १आर×८ (चिपांची रचना, लेबलवर असते), कोणती कंपनी, नवी सीलबंद. आणि शेवटी इंदूरच्या बाजाराला कळेल असं एक वाक्य: "भिया, पक्के बिल पे, टैक्स मिला के क्या पड़ेगा?" चारही उत्तरं लेखी आली की तुलना सरळ होते. मग दर जीबीमागे रुपये काढा. नुसत्या एकूण किमतीवर जाऊ नका, कारण कधी १६ चा एक नग ८च्या दोन नगांपेक्षा स्वस्त पडतो, कधी उलट.

बिलाबाबत हयगय नको. बिलावर कंपनी, पार्ट नंबर आणि स्टिकवरचा सिरीयल नंबर लिहून घ्या. वॉरंटी त्या नंबरावर चालते, दुकानाच्या ओळखीवर नाही. "कच्च्या बिलावर इतके कमी करतो" असं कोणी म्हटलं तर वाचलेले पैसे त्या वॉरंटीची किंमत आहे असं समजा. जीएसटी नंबर असेल तर तो बिलावर घाला, व्यवसायाच्या कामासाठी घेतलेल्या वस्तूवरचा कर परत धरता येतो. आणि एक ओळ हाताने का होईना लिहून घ्या: "यंत्रात न चालल्यास ७ दिवसांत बदलून". चांगला दुकानदार ती खुशीने लिहितो.

मुद्रितशोधक · मंगळवार, दुपारी १:१५

सगळ्यांचे आभार. वाचलेले आकडे असे.

लॅपटॉप: स्पीड ३२००, स्लॉट्स २ पैकी १ वापरात, फॉर्म फॅक्टर सोडिम. सगळं काम उघडल्यावर कमिटेड १४.६. सीपीयू-झेडमध्ये सॅमसंग, ८ जीबी, रँक सिंगल. झाकण उघडून पाहिलं, दुसरा स्लॉट खरोखर रिकामा आहे. लेबलवर "८जीबी १आर×८ पीसी४-३२००एए-एसए२-११" असं लिहिलंय.

डेस्कटॉप: २ स्लॉट, एकात ४ जीबी डीडीआर३ १६००.

आता प्रश्न: १आर×८ म्हणजे काय, आणि एका दुकानाने १आर×१६ "तीच आहे" म्हणून थोड्या कमी भावात देऊ केली, ती घ्यावी का?

जुना चिपसेट · मंगळवार, दुपारी ३:३०

लेबल नीट वाचलंत, आता त्याचा अर्थ सांगतो. बाजारात फसवणूक म्हणा की गैरसमज म्हणा, तो या एका ओळीतच होतो.

"८जीबी" म्हणजे क्षमता. "१आर" म्हणजे एक रँक, एका वेळी प्रोसेसर ज्या चिपांशी बोलतो त्यांचा ६४ बिटांचा एक गट. "×८" म्हणजे प्रत्येक चिप ८ बिट देते. ६४ भागिले ८, म्हणजे आठ चिपा. तुमच्या स्टिकवर आठ काळे चौकोन मोजता येतील. "१आर×१६" मध्ये प्रत्येक चिप १६ बिट देते, म्हणून चारच चिपा लागतात आणि स्टिक बनवायला स्वस्त पडते. "पीसी४" म्हणजे डीडीआर४. "३२००" स्पीड, त्यामागची "एए" अक्षरं टायमिंगची जात सांगतात. त्यानंतरचं "एस" हे सोडिमचं. डेस्कटॉपच्या स्टिकवर तिथे "यू" असतं, सर्व्हरच्या रजिस्टर्ड स्टिकवर "आर". जुन्या लेबलांवर स्पीडऐवजी बँडविड्थ छापलेली असते: पीसी४-१९२०० म्हणजे २४००, २१३०० म्हणजे २६६६, २५६०० म्हणजे ३२००. आठाने भागलं की स्पीड मिळतो.

१आर×१६ तीच आहे का? नाही. डीडीआर४च्या ×८ चिपेत चार बँक गट असतात, ×१६ मध्ये दोनच. एका गटातलं काम चालू असताना दुसऱ्या गटाकडे वळता येणं हाच डीडीआर४चा मोठा फायदा, आणि गट निम्मे झाले की तो कमी होतो. चालणार नाही असं मुळीच नाही. पण भाव तितकाच लावला असेल तर घेऊ नये.

चिपेवरचा नंबरही वाचता येतो. सॅमसंगच्या चिपेवर के४ए८जी०८५ अशी सुरुवात असेल तर ८ गिगाबिटची (म्हणजे १ जीबीची), ८ बिट रुंदीची. के४ए८जी१६५ असेल तर १६ बिट रुंदीची. हायनिक्सवर एच५एएन८जी८ आणि एच५एएन८जी६ असा फरक दिसतो. मायक्रॉनच्या चिपेवर डी९ने सुरू होणारा छोटा कोड असतो. वर लेबल एका कंपनीचं आणि खाली चिपा दुसऱ्याच्या, यात गैर काही नाही. मेमरीच्या चिपा मुख्यतः सॅमसंग, हायनिक्स आणि मायक्रॉन बनवतात, बाकीच्या बहुतेक कंपन्या त्या विकत घेऊन स्टिक तयार करतात. गैर तेव्हा, जेव्हा एकाच स्टिकवरच्या चिपांवर वेगवेगळे नंबर दिसतात किंवा नंबर घासून काढलेले असतात. तशी स्टिक काउंटरवरच परत ठेवा.

खंडवा रोड · मंगळवार, संध्याकाळी ६:००

काकांचं तांत्रिक म्हणणं मान्य, पण इथल्या कामाकडे बघू. पानांची मांडणी, पीडीएफ, ब्राउझर. यात अडचण रॅम अपुरी पडण्याची आहे, ती किती वेगाने बोलते याची नाही. डिस्ककडे धावणं थांबलं की ९० टक्के सुधारणा झालीच. १आर×१६ खरोखर बऱ्यापैकी स्वस्त मिळत असेल तर मी ती घेईन आणि वाचलेले पैसे एसएसडीत घालीन. खेळ किंवा बोर्डावरच्या ग्राफिक्सवर व्हिडिओ संपादन करणाऱ्याने मात्र ×८च घ्यावी.

रँक आणि रुंदीपेक्षा मोठा मुद्दा दोन स्लॉट भरण्याचा आहे. ८ मध्ये ८ घातली की ड्युअल चॅनेल चालू होतं, प्रोसेसर दोन्ही स्टिकशी एकाच वेळी बोलतो. ८ मध्ये १६ घातली तर एकूण २४ पैकी पहिली १६ ड्युअलमध्ये चालते आणि उरलेली ८ एकाच चॅनेलवर. वाईट नाही. सध्याची ८ काढून १६ची एकच घालणं ही सगळ्यांत चुकीची खरेदी: पैसे जास्त, चॅनेल एकच, आणि जुनी स्टिक खणात पडून. कमिटेड १४.६ आहे, म्हणजे ८ अधिक ८ मध्ये भागेल, पण जागा फार उरणार नाही. अंक दोनशे पानांच्या पुढे जाणार असेल तर १६ची आणून २४ करा.

स्पीडसाठी जास्त मोजू नका. दोन स्टिक वेगळ्या असल्या तर दोन्ही कमी स्पीडवर चालतात. ११व्या पिढीत डीडीआर४ ३२००च्या वर जाणार नाही, आणि ८व्या पिढीच्या यंत्रात ३२००ची घातली तरी ती २४०० किंवा २६६६वरच धावेल. चालेल, फक्त वरचे पैसे वाया.

मुद्रितशोधक · मंगळवार, संध्याकाळी ७:४५

म्हणजे १६ची एक घेऊन २४ करायची, हे जवळजवळ ठरलं. डेस्कटॉपच्या डीडीआर३चं काय? एकाकडे "सर्व्हरमधून काढलेली ८ जीबी, एकदम स्वस्त" आहे म्हणाले.

वीजवेडी · मंगळवार, रात्री ८:३०

ती घेऊ नका. सर्व्हरमधून निघालेली रॅम बहुतेक वेळा रजिस्टर्ड ईसीसी (चुका सुधारणारी, सर्व्हरच्या बोर्डांसाठीची) असते. डीडीआर३मध्ये पिना तितक्याच, २४०, खाचही त्याच जागी, त्यामुळे स्लॉटात व्यवस्थित बसते, पण एच-८१सारखा घरगुती बोर्ड तिच्यावर सुरूच होत नाही. ओळख सोपी: एका बाजूला चिपा आठऐवजी नऊ असतात आणि मधोमध एक वेगळी आडवी चिप असते. लेबलवर स्पीडच्या आकड्यानंतर "आर" असतो. याच कारणाने ती इतकी स्वस्त मिळते.

डीडीआर३मध्ये दुसरी पाचर आहे ती चिपांच्या घनतेची. चौथ्या पिढीपर्यंतचे इंटेल प्रोसेसर ४ गिगाबिटच्या चिपेपर्यंतच ओळखतात. म्हणून ८ जीबीची स्टिक घ्यायची तर तिच्यावर दोन्ही बाजू मिळून १६ चिपा हव्यात. आठच चिपांची ८ जीबी डीडीआर३ दिसली तर ती ८ गिगाबिटच्या चिपांची असते, तुमच्या बोर्डावर चालणार नाही. ४ जीबीची घेतलीत तर एच-८१वर आठ चिपांचीही चालते. त्याहून जुन्या जी-४१ बोर्डांना तर ४ जीबीसाठीही १६ चिपांचीच लागते, आणि तिथे लोक सगळ्यांत जास्त फसतात. "फक्त एएमडीसाठी" असं सांगून विकली जाणारी स्वस्त डीडीआर३ही इंटेल बोर्डासाठी उपयोगाची नाही.

व्होल्टेजचं थोडक्यात: डीडीआर३ १.५ व्होल्ट, डीडीआर३एल १.३५, डीडीआर४ १.२, डीडीआर५ १.१. तुमच्या डेस्कटॉपवर ३एल घातली तरी १.५वर चालते. उलट चौथ्या पिढीच्या लॅपटॉपांना ३एलच लागते, साधी डीडीआर३ घातली की पडदा काळा.

तुमच्यासाठी: ४ जीबी, डीडीआर३, १६००, डेस्कटॉपची लांब स्टिक, जुनी, बदलीच्या अटीसह. नवी घेऊ नका.

परदेशीपुरा_९ · मंगळवार, रात्री ९:२०

धाग्यात घुसतो, माफ करा. डीडीआर५ डेस्कटॉप आहे, चार स्लॉट, दोनांत १६-१६. अजून तशाच दोन घालून ६४ करावी का?

जुना चिपसेट · मंगळवार, रात्री ९:५०

क्षमता वाढेल, स्पीड बहुधा घटेल. डीडीआर५मध्ये चार स्टिक झाल्या की कंट्रोलरवरचा भार वाढतो आणि बोर्ड स्पीड खाली आणतो. तुमच्या प्रोसेसरच्या पानावर "चार स्टिक" साठी वेगळा आकडा दिलेला असतो, तो आधी बघा. ६४ खरंच हवी असेल तर ३२चे दोन नग एकाच पेटीतून घ्या, जुने १६-१६ विका. आणि पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटं काळा राहिला तर बटण दाबून बंद करू नका. बोर्ड मेमरीचं ट्रेनिंग करत असतो. मध्येच बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून.

सुदामानगरकर · बुधवार, सकाळी ७:५५

"थांबू का, भाव उतरतील का" हा प्रश्न हमखास येणार, म्हणून आधीच लिहितो. २०२५च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव जोरात चढले. एआयच्या सर्व्हरांना लागणारी मेमरी बनवण्याकडे उत्पादकांनी आपली क्षमता वळवली आणि घरगुती रॅमच्या वाट्याला कमी माल आला. त्यातच डीडीआर४चं उत्पादन आवरतं घ्यायची दिशा त्याच वर्षी धरली गेली. त्यामुळे "जुनं तंत्र, म्हणजे स्वस्त होत जाणार" हा नेहमीचा हिशेब डीडीआर४ला लागू करू नका. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने आपला क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं, वॉरंटी मात्र चालू राहील असंही सांगितलं. म्हणजे दुकानात पडलेली क्रुशलची स्टिक घ्यायला हरकत नाही, फक्त बिल आणि सिरीयल नंबर जपा.

यातून घ्यायचं ते एवढंच: आत्ता लागते तेवढीच घ्या, असलेली स्टिक कामात ठेवा, आणि चार दिवसांत चार भाव मिळवून त्यातला योग्य घ्या. "पुढे लागेल" म्हणून ६४ जीबी घेण्याची ही वेळ नाही.

ऑनलाइन घेणार असाल तर "विक्रेता कोण" ही ओळ उघडून बघा, परत करण्याची मुदत वाचा, आणि पाकीट उघडताना सुरुवातीपासून एकसंध व्हिडिओ घ्या, त्यात स्टिकवरचा सिरीयल नंबर वाचता येईल असा. लॅपटॉपसाठी मागवताना लोक लांब स्टिक मागवतात. डेस्कटॉपची स्टिक साधारण १३ सेंटिमीटर, लॅपटॉपची ७. चित्रात लांबीच्या मानाने खूप अरुंद दिसली की ती डेस्कटॉपची.

खंडवा रोड · बुधवार, सकाळी १०:१०

बसवण्याचं मी लिहितो, सावकाश वाचा.

झाकण उघडण्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. नुसती रॅम बदलल्याने ती सहसा मागितली जात नाही, पण बायॉस (यंत्र सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट किंवा रीसेट करावं लागलं तर मागितली जाऊ शकते, आणि त्या वेळी नसली तर फाइली गेल्या. लॅपटॉप शटडाउन करताना शिफ्ट धरा, म्हणजे फास्ट स्टार्टअप सोडून पूर्ण बंद होईल. चार्जर काढा. बायॉसमध्ये आतली बॅटरी बंद करण्याची सोय असेल तर वापरा.

मागचे स्क्रू पीएच०च्या स्क्रूड्रायव्हरने काढा. ते एकाच लांबीचे नसतात. कोऱ्या कागदावर लॅपटॉपची चौकट काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावत जा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की वरच्या बाजूला, हात टेकतो तिथे, फुगवटा येतो. काही मॉडेलांत रबरी पायांखाली स्क्रू लपलेले असतात. झाकण सुटत नसेल तर जोर लावू नका, एखादा राहिलाय. कडेला जुनं एटीएम कार्ड सरकवत क्लिपा एकेक सोडा, धातूची पट्टी नको.

आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीची पिन बोर्डावरून काढण्याचं. पिन आडवी ओढायची असते की वर उचलायची, ते मॅन्युअलमध्ये बघा. मग पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून ठेवा. अंगातली स्थिर वीज उतरवायला नळ किंवा खिडकीच्या गजासारख्या उघड्या धातूला हात लावा. गालिचावर बसून, लोकरी स्वेटर घालून हे काम करू नका.

स्टिक कडांना धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट नको. खाच स्लॉटमधल्या पाचरीसमोर आणा, साधारण ३० अंशांत तिरकी ठेवून आत सरकवा. सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली पाहिजे, लोक इथेच कमी पडतात. मग वरून सपाट दाबा, दोन्ही बाजूंच्या क्लिपा "टक" करून बसतील. एकाच बाजूची वाजली तर काढून पुन्हा.

बॅटरी जोडा, झाकण नुसतं टेकवा, स्क्रू लावू नका, आणि चालू करा. पहिल्या वेळी दोन-तीन मिनिटं काळा पडदा साहजिक आहे.

डेस्कटॉपला स्टिक उभी दाबावी लागते आणि जोर जास्त लागतो, दोन्ही टोकांना सारखा. चार स्लॉटांच्या बोर्डावर दोन स्टिक असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट. तुमच्याकडे दोनच आहेत, प्रश्न नाही.

मुद्रितशोधक · शनिवार, दुपारी ४:४०

लॅपटॉपमध्ये १६ची बसवली. चार मिनिटं झाली, पडदा काळा, कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतोय.

खंडवा रोड · शनिवार, दुपारी ४:५५

रॅम बदलल्यावर दिवा लुकलुकणं म्हणजे बहुधा मेमरी मिळत नाही हे यंत्र सांगतंय. बटण धरून बंद करा, चार्जर आणि बॅटरी पुन्हा काढा. नवी स्टिक बाहेर काढून जुनी एकटी चालते का बघा. चालली तर नवी एकटी, जुन्या स्लॉटात. तीही चालली तर स्टिक चांगली आहे, दुसऱ्या स्लॉटात नीट बसली नव्हती. वर्षानुवर्षं रिकाम्या राहिलेल्या स्लॉटात धूळ असते, मऊ कोरड्या ब्रशने झाडा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा जातो.

मुद्रितशोधक · शनिवार, संध्याकाळी ५:३०

धूळच होती. आता २४ जीबी दिसते, स्पीड ३२००, दोनपैकी दोन स्लॉट. तोच अंक उघडला, कमिटेड १५.१, वापर ६० टक्क्यांच्या आसपास. पान उलटायला वेळ लागत नाही. डेस्कटॉपसाठी आणलेली जुनी ४ जीबी उद्या लावतो.

वीजवेडी · शनिवार, संध्याकाळी ६:१०

छान! पण दोन्ही यंत्रांची चाचणी केल्याशिवाय बिल फाइलला लावू नका. सात दिवसांची मुदत त्यासाठीच आहे. पासमार्कचं मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाका, पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. फुकट आवृत्ती चार फेऱ्या करते. एकही चूक दाखवली तरी स्टिक नापास. "दोनच चुका आहेत, चालेल" असं नसतं. त्याच दोन जागांवर उद्या तुमच्या टॅलीची आकडेमोड किंवा फाइलचा एखादा तुकडा असेल, आणि बिघाड महिन्यांनी कळेल.

जुन्या स्टिकच्या पट्ट्या काळवंडलेल्या असतील तर पांढऱ्या खोडरबराने हलकेच, एकाच दिशेने पुसा, रबराचा चुरा झाडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवून पूर्ण सुकू द्या.

मुद्रितशोधक · सोमवार, सकाळी ९:००

लॅपटॉप: चार फेऱ्या, शून्य चुका. डेस्कटॉप: दुसऱ्या फेरीत ३ चुका.

जुना चिपसेट · सोमवार, सकाळी ९:२५

घाईने स्टिकवर ठपका ठेवू नका. बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅमचा तयार, वाढीव स्पीड) चालू केलाय का किंवा स्पीड कोणी हाताने वाढवलाय का बघा, "लोड डिफॉल्ट्स" करा. मग नवी आणलेली एकटी पहिल्या स्लॉटात घालून चाचणी, नंतर तुमची मूळची एकटी त्याच स्लॉटात. चुका जिच्यामागे जातील ती खराब. दोन्ही त्या स्लॉटात स्वच्छ निघाल्या तर त्याच दोन फेऱ्या दुसऱ्या स्लॉटात करा, मग शंका स्लॉटवर. चुका दिसलेल्या पडद्याचा फोटो घ्या, चूक आलेली मेमरीतली जागा (ॲड्रेस) आणि तारीख दिसेल असा.

मुद्रितशोधक · मंगळवार, सकाळी ८:१०

डिफॉल्ट्स करून पाहिलं. मूळची स्टिक पहिल्या स्लॉटात स्वच्छ. आणलेली ४ जीबी पहिल्या स्लॉटात ५ चुका, दुसऱ्यात ३. फोटो घेतले. बिलावर "न चालल्यास ७ दिवसांत बदलून" ही ओळ आणि सिरीयल नंबर दोन्ही आहेत, आज तिसरा दिवस. दुपारी घेऊन जातो. बदलून मिळणारी काउंटरवरच तपासायची असेल तर काय बघू?

वीजवेडी · मंगळवार, सकाळी ८:३०

काउंटरवर रात्रभराची चाचणी होत नाही. चिपा मोजा, सगळ्यांवर एकच नंबर आहे का बघा, एका बाजूला नऊ नाहीत ना ते बघा, पट्ट्यांवर खोल ओरखडे नकोत. कडेचे तांदळाच्या दाण्याहून बारीक घटक असतात ना, त्यातला एखादा तुटून गेलेला असेल तर तिथे उघडी चांदी चमकते. ती दिसली की दुसरी मागा. आणि नव्या स्टिकचा सिरीयल नंबर त्याच बिलावर, सही आणि आजची तारीख घालून, पुन्हा लिहून घ्या. सात दिवस आजपासून मोजले जातील असंही त्याच ओळीत येऊ द्या.